न वाजवलेली होडी

मशीन फळीसकट निघालं तेव्हा माझ्या भावाने आधी आम्हाला धरलं नाही, देवाचं नावही घेतलं नाही. होडीची मागची फळी, जिच्यावर मशीन बसवतात, तिचा अर्धा तुकडा होडीला शिल्लक राहिला होता. त्या तुकड्यावर त्याने मधल्या बोटाने टिचकी मारली. खाडीच्या तोंडावर लाटा फुटत होत्या, पाणी आत येत होतं, त्याची लेक रेश्मा सातव्या महिन्याचं पोट धरून माझ्या अंगावर पडली होती, आणि हा फळी वाजवत होता. त्या गोंगाटात ऐकू काय येणार? पण त्याला बोटानेच ऐकू यायचं.

"आक्का, बद्द वाजते गो," तो म्हणाला. "आतनं कुजलीय."

"आता वाजवतोस, मेल्या?" मी म्हटलं.

त्याचं माझं बोलणं असं हे शेवटचं. पुढे झालं ते नुसतं ओरडणं.

सगळे त्याला टिचकीमामा म्हणायचे. मिरकरवाड्याच्या बंदरात त्याचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. मालगुंडपासून वेळणेश्वरपर्यंत कोणाला जुनी होडी घ्यायची झाली की माणूस त्याला न्यायला यायचा. हा जायचा, विकणाऱ्याचा चहा नाकारायचा आणि होडीभोवती फिरत टिचक्या मारत सुटायचा. आधी नाळ, म्हणजे पुढचं टोक, मग एक बाजू, मग दुसरी, आणि सगळ्यात शेवटी मागची फळी. चांगली जागा टणक वाजते, पाणी मुरलेली जागा बद्द वाजते. फायबरच्या होडीच्या मागच्या फळीत प्लायवूड असतं. बोल्टाच्या भोकातून त्यात पाणी शिरलं की बाहेरून होडी नवरीसारखी दिसते आणि आतून तिचा भुसा झालेला असतो. यात गुपित काही नाही, बंदरावर कोणीही सांगेल. पण झाडाखाली बसून सांगणं वेगळं आणि मालकाच्या तोंडावर वाजवून दाखवणं वेगळं. लोक त्याला न्यायचे ते अक्कल हवी म्हणून नाही. वाईटपणा घ्यायला कोणीतरी हवा म्हणून न्यायचे. हा तो घ्यायचा. त्याच्या त्या बोटाचं नख जाड आणि पिवळं पडलं होतं, म्हशीच्या शिंगासारखं.

"मालक जिथं जास्त बोलतो तिथं वाजवायचं," असं तो म्हणायचा. एकदा मी मासे विकून परत येताना त्याच्याबरोबर गेले होते. विकणारा माणूस होडीच्या मागच्या अंगाला पाठ लावून उभा. होडी किती पायगुणाची, हिच्यावर दोन मुली उजवल्या, सगळं सांगून झालं. माझा भाऊ म्हणाला, "जरा सरा."

"इथं काय बघायचंय? इथं तर कालच रंग दिलाय."

"म्हणून तर."

टिचकी मारली, बद्द वाजली. तो माणूस भडकला. "तुझं काय जातं रे? तुझ्या बापाचं काय जातं?"

"माझं काय नाय जात," भाऊ म्हणाला आणि होडी घ्यायला आलेल्या पोराकडे हात केला. "जाणारा हा हाय."

मशीन बघायची त्याची रीत वेगळी होती. ते पिंपातल्या पाण्यात बुडवून चालू करायला लावायचा. मशीन थंड ठेवायला जे पाणी आत खेचतं त्याची एक धार बाजूने बाहेर पडते. त्या धारेखाली हात धरून उभा राहायचा. "मशीन आणि तान्हं पोर सारखंच. मुततंय तोवर चिंता नाय." बायका असल्या तरी हेच बोलायचा, लाज म्हणून नव्हती. खलाशांना मात्र एक गोष्ट शिव्या देऊन सांगायचा: "दोरी हातात धरायची रे, मनगटाला गुंडाळायची नाय. मुठीतली सोडता येते. मनगटाची आपल्याला सोडत नाय."

घरातही त्याचं बोट गप्प बसत नसे. नारळ, कलिंगड, मडकं, पाट, दवाखान्यातलं टेबल, सगळं वाजवून व्हायचं. सारात आमसूल कमी पडलं की ताट पुढे ढकलून म्हणायचा, "आज सार बद्द वाजतंय." माझे दात हलायला लागले तेव्हा म्हणाला, "ये हिकडं, वाजवून सांगतो कुठला राहील." मी त्याला उलथनं दाखवलं.

माझा नवरा गेल्यावर मी माहेरी आले आणि वर्षभरात त्याची बायको काविळीने गेली. रेश्मा तेव्हा रांगत होती. मग आम्ही दोघांनी मिळून ती वाढवली, म्हणजे मी वाढवली आणि तो समुद्रावर गेला. मी बंदरावर टोपली घेऊन बसायची. तो दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर आधी खलाशी होता, मग तांडेल झाला. जन्मभर दुसऱ्याचं सुकाणू धरलं, आपलं फळकूटसुद्धा नव्हतं. आमचं पटत होतं असं मी म्हणणार नाही. तो हट्टी होता, घरात मीठ आहे की नाही हे त्याला कधी ठाऊक नसायचं आणि केलेल्याचं बरं म्हणून कधी बोलायचा नाही. पण रेश्माला ताप आला की बंदरात होडी लागल्या लागल्या तोच धावत घरी यायचा, आणि तिच्या कपाळाला हात न लावता पाटीवर टिचकी मारून म्हणायचा, "ऊठ गो, शाळा बुडते."

रेश्मासाठी स्थळ बघायला गेलो तेव्हाही त्याने त्या घराचा खांब वाजवला. वरच्या अंगाला, दुसऱ्या एका खाडीच्या तोंडाशी ते गाव. घर दुमजली, अंगणात माड, दारात होड्या. खांब टणक वाजला. बाहेर येऊन मला म्हणाला, "घर भरीव हाय." खांब भरीवच होता. माणसं वाजवून बघायची टिचकी त्याला येत नव्हती.

लग्नाला वर्ष झालं नाही तोच मोठ्या ट्रॉलरवरचं त्याचं काम सुटलं. वय झालं होतं, डोळा कमी आला होता. आता खाडीपुरती एक छोटी होडी घ्यावी, मांदेली-बोयटं मारावीत आणि कोणाचं ऐकू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. हे व्याह्यांच्या कानावर गेलं. त्यांच्याकडे एक फायबरची होडी मशीनसकट विकायची होती. निरोप आला, बाहेर कशाला जाता, घरातलीच घ्या.

मला घेऊन तो गेला. होडी माडाखाली वाळूवर ओढून ठेवलेली. निळी होती, धुतलेली, आणि मागची फळी लाल रंगाने चकचकीत केलेली. व्याही होते, विहीणबाई होत्या, जावई होता, शेजारचे चार लोक तमाशा बघायला आले होते. टिचकीमामा व्याह्याची होडी बघणार म्हटल्यावर कोण घरी राहील?

त्याने मशीन नीट बघितलं. पिंप मागवलं, चालू केलं, धारेखाली हात धरला. "मशीन झकास," म्हणाला. ते खरंच होतं. मशीन बघण्यात त्याला संकोच नव्हता, कारण मशीन कंपनीचं असतं. होडी घराची असते.

मग तो होडीच्या मागे गेला. मधलं बोट अंगठ्याला लावून हात पुढे झाला होता. मी बघितलंय. व्याही हसत म्हणाले, "काय तांडेल, आमची पण वाजवणार काय?" शेजारचे हसले. तेवढ्यात रेश्मा चहाचा ट्रे घेऊन दारात आली. कपांचा आवाज होत होता. पोर बापाच्या तोंडाकडे बघत नव्हती. बापाच्या बोटाकडे बघत होती.

त्याने हात खिशात घातला.

"छे छे," तो म्हणाला. "घरच्या होडीला काय वाजवायचं!"

आमच्याकडे लेक जिथे दिली तिथली खोट काढत नाहीत. भाकरी करपली तर खरपूस झाली म्हणायचं. पाहुणचाराला मासा शिळा आला तर दोनदा मागून घ्यायचा. लेकीचा बाप त्या घरात पाणी मागतो तेही आवाज खाली ठेवून. ही रीत मला ठाऊक आहे, मीही पाळली आहे. पण करपलेल्या भाकरीत बसून कोणी समुद्रावर जात नाही.

"बाबू, वाजव," मी म्हटलं.

विहीणबाई म्हणाल्या, "आक्का, तुमचा आमच्यावर विश्वास नाय काय?"

"माझा समुद्रावर नाय," मी म्हटलं.

"मागच्या फळीलाच तेवढा नवा रंग कशाला हो?" मी व्याह्यांना विचारलं.

"सोयऱ्यांकडे जायची," ते म्हणाले, "म्हणून जरा नटवली." परत सगळे हसले. माझा भाऊही हसला. त्याने त्या घरात चहाही घेतला. दुसऱ्या कोणाचा तो कधी घेत नसे.

येताना एसटीत आम्ही भांडलो. मी म्हटलं, तुला दिसलं नाही काय? तो म्हणाला, "दिसलं गो. लेक तिथं नांदते. मी एक टिचकी मारीन नि घरी येऊन झोपीन. तिला ती टिचकी रोज वाजवून दाखवतील, भाकरी थापताना, पाणी भरताना."

"मग घेऊ नको ती होडी."

"नको म्हटलं तरी तेच झालं."

"मग घरी आण नि इथं वाजव. इथं कोण बघतंय?"

 तो म्हणाला, "नि खोट निघाली तर? परत कशी नेऊन देऊ? नाय वाजवली तर चांगलीच हाय."

दुसऱ्यांच्या होडीत दोष सापडला की खुश होणारा माणूस स्वतःच्या होडीत तो सापडेल म्हणून भ्यायला. होडी आली, तिला नारळ फोडला, आणि त्याने तिला एकदाही टिचकी मारली नाही. मी मारली. मला सगळीकडे सारखंच वाजलेलं वाटलं. तो कान मला नव्हता. तो नुसता तळवा ठेवून होडी थोपटायचा, म्हशीला थोपटतात तशी. थोपटून काही ऐकू येत नाही, म्हणूनच थोपटायचा.

त्या होडीचं सुख त्याला झालं, हे मी नाही म्हणणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो शिट्टी मारताना मी ऐकला. खाडीच्या आतल्या संथ पाण्यात होडीला काही झालं नाही. मांदेली आली, बोयटं आली, कोळंबी आली. सकाळी ताजी मासळी माझ्या टोपलीत ओतून म्हणायचा, "घे, आपल्या होडीची." आपल्या म्हणताना त्याचा आवाज बदलायचा. मला तेव्हाही राग यायचा आणि आता आठवून जास्त येतो.

रेश्माला दिवस गेले. सातव्यात ओटी भरून तिला बाळंतपणाला आणायचं ठरलं. रस्ता खड्ड्यांचा, रिक्षाने आणायची तर पोर हाडं मोजत यायची. समुद्र शांत होता, शिमग्याचा वारा अजून लांब होता. बाप म्हणाला, होडीने अलगद आणू. भरतीच्या पाण्यावर खाडीतून बाहेर पडायचं आणि उजेडात घर गाठायचं, असा त्याचा बेत होता. तो बेत बरोबर होता.

पण ओटी वेळेवर भरली नाही. विहीणबाईंची बहीण यायची होती, ती आली. मग जेवणं झाली. मग फोटो निघाले. माझा भाऊ तीनदा उठून अंगणाच्या टोकाला जाऊन पाणी बघून आला. मी त्याला बाजूला घेतलं. "ओहोटी लागली ना रे?"

"लागली."

"मग सांग त्यांना. उद्या निघू म्हणावं."

"उद्या अमावास्या हाय. लेकीला अमावास्येची बाहेर काढायची नाय म्हणतात त्या."

"मग आत्ताच चल, बास झाले फोटो."

"दोन घास गोड खाऊन निघतो, आक्का. वाईट दिसतं."

मिरकरवाड्यात मालकाला तोंडावर शिव्या देऊन ट्रॉलर बंदरात परत आणणारा हा माणूस. तिथे शिऱ्याची बशी हातात घेऊन बसला होता. निघालो तेव्हा ओहोटी जोरात बाहेर ओढत होती आणि वारा समोरून आत येत होता. दोन्ही एकमेकांवर आपटतात तेव्हा खाडीच्या तोंडावर लाटा उभ्या राहतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काठावर उभं राहून व्याही हात हलवत होते. परत फिरलो असतो तर तेही वाईट दिसलं असतं.

पहिल्या दोन लाटा त्याने चांगल्या काढल्या. तिसरीला होडीचं तोंड वर गेलं तसं त्याने मशीनला जोर दिला. मशीन झकास होतं. त्याने जोर घेतला आणि कुजलेली फळी घेऊन ते पाण्यात गेलं.

तेव्हा त्याने ती टिचकी मारली.

मशीन पडलं तर हरवू नये म्हणून ते दोरीने होडीला बांधलेलं असतं. त्या दोरीवर ते आता खाली लोंबत होतं आणि होडीची फुटकी बाजू पाण्यात ओढत होतं. प्रत्येक लाट तिथून आत येत होती. "पेटी धरा!" म्हणून तो ओरडला आणि बर्फाची थर्माकोलची पेटी त्याने आमच्याकडे लोटली. रेश्मा "बाबा, बाबा" करत होती. त्याने कोयती घेतली, मागे ओणवा झाला. ओली दोरी हातातून निसटत होती. त्याने ती मनगटाला एक वेढा देऊन ताणून धरली आणि होडीच्या बाजूने कापली. दोन घाव घातले. दोरी तुटली. होडीकडचा तुकडा होडीला राहिला आणि मशीनकडची दोरी त्याच्या मनगटाला होती.

तो बाहेर फेकला गेला नाही, बुडाला असंही म्हणता येणार नाही. खालून कोणी हाक मारावी तसा गेला.

ओझं सुटल्यावर होडी वर आली. पाण्याने भरलेली, पण तरंगत होती. मी एका हाताने बाकाची फळी धरली आणि दुसऱ्या हाताने रेश्माचे केस. समुद्रावरून परतणाऱ्या एका होडीने आम्हाला उचललं. दुसऱ्या दिवशी माणसांनी तिथे जाळं ओढलं. आधी मशीन आलं, मग तो.

व्याही भेटायला आले. चटईवर बसून म्हणाले, "होडी चांगली होती हो. मशीन जड पडलं तिला." बसलेल्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "मशीन पण तुमचंच होतं." मग ते कोणाला तरी हळू म्हणाले की आक्कांचं डोकं ठिकाणावर नाही.

रेश्माला मुलगी झाली. ती परत जाऊ नये असं मला वाटत होतं आणि मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ये, ज्या घरासाठी बाबांनी हात खिशात घातला, ते घर मोडून येऊ काय?"  ती गेली. बापाने टिचकी मारली नाही म्हणून त्या घरात तिला कोणी पाटावर बसवून वाढत नाही. मारली असती तर जेवढं ऐकावं लागलं असतं तेवढं ती तसंही ऐकते.

बारशाला मी गेले. अंगणात व्याह्यांची नवी होडी उभी होती, नारळाच्या झावळीखाली. पाहुणे जमले होते. मी सरळ तिच्या मागच्या अंगाला गेले आणि मधल्या बोटाने टिचकी मारली. मग दुसरी, मग तिसरी, सगळी फळी आडवी वाजवत गेले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पाहुणे मात्र हातातलं टाकून बघायला लागले होते.

"आक्का, हे काय?" व्याही म्हणाले.

"वाजवून बघते."

"तुम्हाला काय घ्यायचीय होडी?"

"नाय. पण मला आता कुठं लेक द्यायची नाय, म्हणून वाजवते."

रेश्मा दारात उभी होती, पोर खांद्यावर घेऊन. ती मला थांबवायला आली नाही. मी पाळण्यात आंगडं-टोपडं ठेवलं आणि जेवायला न थांबता एसटीने घरी आले.

लोक अजून विचारतात, कशी वाचलात. होडीत आम्ही तिघं होतो. पोहता येत होतं ते एकट्या त्याला. वाचलो आम्ही दोघी.